पार लाईट आणि दीड फुटाचा समुद्र

झाडीपट्टीत नाटकाचा पडदा रात्री दहा-साडेदहाला उघडतो आणि शेवटचा प्रवेश संपेपर्यंत गावातले कोंबडे आरवू लागलेले असतात. त्या अख्ख्या रात्रीत लाईटवाला विंगेतल्या स्टुलावरून हलत नाही. दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की वडशाहून कंपन्यांच्या गाड्या निघतात आणि होळीच्या आसपास परततात. त्या गाड्यांतून मी बावीस हंगाम फिरलो आहे. उरलेले महिने चंद्रपुरात, जटपुरा गेटजवळच्या माझ्या दुकानात पंखे, मोटारी, ॲम्प्लिफायर दुरुस्त करत बसतो. नाटकांचे किस्से पुष्कळ आहेत, ते पुन्हा कधी. आजचा किस्सा ज्या रंगमंचाचा आहे तो दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. त्यावरचे नट बोलत नाहीत, आणि प्रकाश चुकला तर त्यांच्या अंगावर ते दिसायला आठवडा जातो.

मार्च महिना होता, हंगाम नुकताच संपला होता. एक शिक्षक दुकानात आले. नोकरी आरमोरीकडे, घर चंद्रपुरात. मोबाइलवर एका परदेशी दिव्याचा फोटो दाखवून म्हणाले, "भाऊ, हा दिवा तीस हजारांच्या वर जाते. माझी टाकी, पंप, मीठ सगळं मिळून आठ हजारात बसलं. यातलं तुम्हाला काही बनवता येते का?" मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "कोरलसाठी." आणि वही काढून तिथेच काउंटरवर मला शिकवायला बसले.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिच्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. घर प्रवाळाचं, स्वयंपाक शैवालाचा, आणि चूल प्रकाशाची. धानाचं पोट उन्हावर भरतं हे शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे मला ठाऊक होतं. पण बावीस वर्षं मी दिवा लावत आलो तो नटाचा चेहरा मागच्या रांगेला दिसावा म्हणून. आपल्या दिव्याखाली कुणी जेवायला बसणार आहे, ही कल्पना नवीन होती, आणि मला ती फार आवडली.

शिक्षकांनी एक गोष्ट आधीच सांगून टाकली. दगडी प्रवाळ टाकीत ठेवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत, काळं प्रवाळ आहे, समुद्रपंखे आहेत. ताडोबाचा वाघ ज्या यादीत, त्याच यादीत मालवणच्या समुद्रातला तो जिवंत दगड. आमच्या जिल्ह्यात वाघाचा कायदा शाळेतल्या पोरालाही समजावावा लागत नाही, त्यामुळे मलाही ते पटकन कळलं. सरांनी निवडल्या होत्या मऊ जाती: ज्यांना शौकीन लोक मशरूम म्हणतात त्या, आणि बटणांच्या झुबक्यासारख्या दिसणाऱ्या झोॲंथिड. ही नावं त्या यादीत नाहीत. तरीही विकत घेताना पावती आणि आयातीचे कागद मागून घेतले होते. चेन्नईहून थर्माकोलच्या डब्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, ग्रँड ट्रंकच्या डब्यात मांडीवर ठेवून त्यांनी ती चंद्रपूरला आणली.

टाकीतले दगडही प्रवाळाचे नव्हते. बाजारात मिळतो तो समुद्री खडक बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो, म्हणून तोही नको. त्यांनी कोरपन्याकडचा चुनखडक आणला, ज्याच्यावर आपल्या सिमेंटच्या भट्ट्या चालतात. कित्येक आठवडे साध्या पाण्यात बदलून बदलून धुतला. भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या एका थराला चांदा लाइमस्टोन म्हणतात, आपल्या गावाच्या जुन्या नावावरून. शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाचा तो गाळ आहे. त्या समुद्रात मासा नव्हता, प्रवाळही नव्हतं. इतक्या काळाने तो दगड पुन्हा खाऱ्या पाण्यात गेला, हे मला अजूनही टाकीसमोर उभं राहिलं की आठवतं.

आता दिव्याकडे येतो.

माझी पहिली खटपट लाईटवाल्याच्या सवयीची होती. सर म्हणाले होते की निळा उजेड पाहिजे, कारण पाण्यात खाली जाताना तांबडा रंग आधी विझतो आणि निळा सर्वांत खोल पोचतो. मालवणच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात अंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथासुद्धा वीसेक मीटर खोल. तिथलं प्रवाळ मुख्यतः निळ्या उजेडावर जगतं. मी म्हटलं, निळा ना? जुना हॅलोजन काढला, त्याला निळं जिलेटिन लावलं. नाटकात चांदणी रात्र अशीच करायचो. अर्ध्या तासात टाकीचं पाणी कोमट झालं. जिलेटिन निळा रंग तयार करत नाही, बाकीचे रंग अडवतं. आणि हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात मुळात निळा असतोच किती? पाचशे वॉट जाळून मी चमचाभर निळा काढत होतो आणि उरलेल्याने पाणी तापवत होतो. सरांनी थर्मामीटर दाखवला आणि काही बोलले नाहीत.

दुसरी खटपट एका शब्दाच्या घोटाळ्यातून झाली. सर सारखे म्हणत, "भाऊ, पार किती मिळेल ते महत्त्वाचं." आता आमच्या धंद्यात पार लाईट म्हणजे तो डब्यासारखा दिवा, जो लग्नाच्या मांडवात, गणपतीत, आमच्या रंगमंचावर सगळीकडे असतो. त्या पारमध्ये परावर्तक आरशाचं नाव लपलेलं आहे. सरांच्या वहीतला पार वेगळा: प्रकाशातला जो भाग वनस्पतीला अन्न बनवायला कामी येतो, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, त्याचं माप. मी मान डोलावली आणि माळ्यावरून माझा जुना एलईडी पार काढला. चोपन्न एलईडी, त्यातला तांबडा चॅनेल जळालेला म्हणून भंगारात टाकलेला. निळा आणि पांढरा ठणठणीत. फुकटात काम झालं, असं वाटलं.

टाकी झगमगली. हिरवे मशरूम असे पेटले की सरांच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. नवव्या दिवशी मधोमध बसलेलं सर्वांत मोठं मशरूम आकसलं, आणि दोन आठवड्यांत त्याचा रंग उडून ते दुधी काचेसारखं झालं. कोपऱ्यातली बटणं मात्र माना लांब करून, देठ ताणून उजेड शोधत होती. एकाच टाकीत एक भाजलं होतं आणि दुसरी उपाशी होती.

हा दोष माझा होता आणि तो का झाला हे कळायला मला चार रात्री लागल्या. स्टेजच्या पारवर प्रत्येक एलईडीपुढे भिंग असतं. पंचवीस-तीस अंशांत उजेड गोळा करून पंधरा फुटांवरच्या नटावर टाकायला ते ठीक. इथे नट होता दहा इंचांवर. उजेडाचा सगळा मारा मधल्या वीतभर जागेत, आणि कडेला काळोख. फॉलो स्पॉट फार जवळून मारला तर नटीचा चेहरा फाटतो, नाक-डोळे पुसले जातात, हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल! तेच मी एका मुक्या जिवावर केलं होतं. जास्त उजेडात शैवालाचा कारखाना बिघडतो, त्यातून घातक ऑक्सिजनद्रव्यं तयार होतात, आणि प्रवाळ स्वतःच्या अंगातून शैवालाला हाकलून देतं. पांढरं पडणं म्हणजे ते. उन्हाने पडतं, उष्णतेने पडतं, आणि अडाणी लाईटवाल्यानेही पडतं.

मी भिंगांची पट्टी काढली आणि पुढे आमच्या स्टेजचा फ्रॉस्ट लावला, ज्याने उजेडाची धार मोडते. दिवा बारा इंच वर घेतला. डिमर पावावर आणला आणि दर चार दिवसांनी थोडा थोडा असा महिनाभर वाढवत नेला. पांढरं मशरूम दगडाच्या कपारीत सावलीला सरकवलं. सरांनी त्याला चिमट्याने बारीक खाणं द्यायला सुरुवात केली, कारण घरचा स्वयंपाकी आता घरात नव्हता.

पुढच्या महिन्यात मी नवा दिवा बांधला, आणि तो आजही जळतो. बारा एलईडी: आठ रॉयल ब्लू, ४५० नॅनोमीटरचे, आणि चार थंड पांढरे, ६५०० केल्विनचे. भिंग नाही, कारण एक फूट खोल टाकीला भिंगाची गरजच नसते. पाठीला जुन्या ॲम्प्लिफायरचा हीटसिंक, त्यावर कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा. स्थिर करंट देणारा ड्रायव्हर, कारण एलईडीला व्होल्टेज नव्हे, करंट मारतो. पुढे ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी. हे शेवटचं फार जरुरीचं. मिठाच्या पाण्याचे बुडबुडे फुटतात, त्यांचे कण वर उडतात, आणि चार महिन्यांत सोल्डरवर हिरवट खपली चढते. पहिला पार उघडला तेव्हा आतली तार माझ्या बोटात पिठासारखी कुस्करली गेली होती. खारं पाणी आणि वीज एका टेबलावर आहेत हे विसरून चालत नाही: वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे थेंब झोळावरून खाली पडतो, आणि अर्थ लीकेजचा ब्रेकर बसवल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही.

सगळा मिळून खर्च दोन हजारांच्या आत. मीटर लावून पाहिला तर पंचवीस वॉट खातो. रोज आठ तास धरले तर महिन्याला सहा युनिट. जुने शौकीन याच कामाला दीडशे वॉटचा मेटल हॅलाइड वापरत, त्याचे छत्तीस युनिट झाले असते, वर टाकी गार करायचा खर्च निराळा. हा फरक ज्या निळ्या एलईडीने पाडला, त्याच्यासाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं. त्यांतले एक हिरोशी अमानो. गोड्या पाण्यात झाडं लावून टाकीला बागेचं रूप देण्याची रीत ज्यांनी जगभर नेली, तेही अमानोच, ताकाशी. नातं काही नाही. पण टाकीवर दिवा लावणाऱ्याने दोघांनाही मनातल्या मनात नमस्कार करावा.

मध्यंतरी मी बाजारातला एक स्वस्त तयार दिवाही मागवून पाहिला होता. खोक्यावर १६५ वॉट छापलेलं. वॉटमीटर लावला तर शंभराच्या जरा वर. आत तीन वॉटचे पंचावन्न एलईडी होते, त्यांचा गुणाकार खोक्यावर छापला होता. चालवत होते ते अर्ध्या-पाऊण ताकदीवर. त्यामुळे एलईडी जास्त दिवस टिकतात, म्हणजे दिवा वाईट नव्हता. फक्त खोक्यावरचा आकडा वाचून कुणी विकत घेऊ नये. आणि 'ब्लू' लिहिलेली सजावटीची पट्टी तर मुळीच घेऊ नये. ती बहुधा ४७० च्या आसपासची असते, दिसायला छान निळी. पण तिच्यात ताकद फार थोडी.

मोजायचं कशाने, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. खरा पार मीटर टाकीपेक्षा महाग. मोबाइलवरचं लक्स दाखवणारं ॲप निळ्या दिव्याखाली खोटं बोलतं, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्याला जागा, निळ्याला झोपाळू. दिवा जितका निळा तितका आकडा कमी दिसतो, आणि माणूस उजेड वाढवत सुटतो. मशरूमला पन्नासेक पार पुरतो, बटणांना ऐंशी ते सव्वाशे. भर दुपारचं ऊन दोन हजारांच्या घरात असतं, यावरून अंदाज करा की ही मंडळी किती थोड्यात भागवतात. सर आणि मी शेवटी प्रवाळालाच मीटर मानलं. मान लांब झाली, देठ ताणला: उजेड कमी. आकसून दगडाला चिकटलं, रंग फिका: उजेड जास्त. तपकिरी होत चाललं: उजेड कमी, किंवा पाण्यात खत जास्त. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून पाहायचं आणि वहीत लिहायचं.

पाहण्याची एक युक्ती मात्र माझ्या पेटीतून निघाली. निळ्या दिव्याखाली टाकी सगळी जांभळट दिसते, खरा रंग कळत नाही, मोबाइलच्या फोटोत तर काहीच नाही. मी अंबर जिलेटिनचा तुकडा डोळ्यांपुढे धरला, नाटकात पहाटेच्या प्रवेशाला वापरतो तो. निळा अडला आणि मागे उरला प्रवाळाचा स्वतःचा उजेड. बटणांच्या कडा नारिंगी, मधला डोळा पोपटी. माझी माय तेव्हा सोबत होती. तिने तुकडा हातात घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रे, हे आतून पेटते का काय?" आतूनच पेटतं. निळा उजेड पिऊन हिरवा-नारिंगी बाहेर टाकणारी प्रथिनं असतात त्याच्या अंगात.

मे महिन्याचं सांगितलं नाही तर चंद्रपूरचा किस्सा पुरा होणार नाही. बाहेर ४६-४७ अंश, आणि टाकीला हवेत २५ ते २७. तिसाच्या वर गेलं आणि टिकून राहिलं की पुन्हा पांढरं पडणं. चिलर दिव्यापेक्षा कितीतरी महाग. आम्ही टाकीचं झाकण काढलं, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला, आणि खोलीत कूलर. आपल्याकडची मेची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत एवढं उतरणार नाही. फक्त रोज लीटर-दीड लीटर पाणी कमी होतं, आणि ते भरायचं साध्या, फिल्टरच्या पाण्याने. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. दिव्याची वेळही आम्ही उन्हाळ्यात दुपारवरून हलवून संध्याकाळी चार ते रात्री बारा केली. समुद्राचा दिवस सूर्याबरोबरच उगवला पाहिजे, असं प्रवाळाचं काही म्हणणं नसतं; तो रोज त्याच वेळी उगवावा लागतो. आणि रात्री पूर्ण अंधार. शोभेची निळी चांदणी रात्रभर लावून ठेवणारे पुष्कळ पाहिले, त्यांना मी हात जोडून सांगतो की त्या जिवाला झोपू द्या.

चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, तरी वादळात फांदी तारेवर पडली की आमच्याही घरात अंधार होतो. गडचिरोलीच्या जंगलातून जाणाऱ्या लाइनीचं तर विचारूच नका. पहिल्या वादळी रात्री सरांनी घाबरून इन्व्हर्टरवर दिवा चालू ठेवला आणि बॅटरी वाचवायला पंप बंद केला. पहाटे टाकीतला मासा पृष्ठभागावर तोंड उघडून होता. वाचला, थोडक्यात. दिवा एक दिवस, दोन दिवस नसला तरी प्रवाळ साठवणीवर काढतं. ढगाळ दिवस समुद्रातही असतात. पण पाणी फिरायचं थांबलं की श्वास काही तासांत संपतो. आता इन्व्हर्टरची तार फक्त पंपाला जाते, आणि बॅटरीचा हवेचा पंप शेजारी तयार असतो.

दुकानात टाकीचा गवगवा झाला तसा एक गृहस्थ आला. कोकणातून दगडी प्रवाळाचा तुकडा आणून देणारा कुणी ओळखीचा होता त्याचा; त्याला माझ्याकडून तसला तेज दिवा हवा होता, तीनशे पारचा. मी नाही म्हटलं. त्याला मुंबईची गोष्ट सांगितली: कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या, तेव्हा एवढ्या मोठ्या रस्त्यालाही थांबून वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या अठरा वसाहती खडकासकट उचलून दुसरीकडे लावल्या. मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात, जिथे उजेड फार खाली पोचत नाही, तिथे ते जीव तग धरून आहेत. ते तिथलेच राहू देत. तो माणूस नाराज होऊन गेला. पैसे गेले याचं मला वाईट वाटलं नाही.

आणि ते पांढरं पडलेलं मशरूम? पावसाळाभर ते कपारीत नखाएवढं होऊन बसलं होतं. सर दर रविवारी अंबर तुकडा घेऊन बघायचे. पोळ्याच्या सुमारास कडेला तपकिरी छटा दिसली. दिवाळीपर्यंत हिरवं झालं. पुढच्या उन्हाळ्यात ते आपोआप दुभंगलं, एकाची दोन झाली, आणि सर त्यातलं एक स्टीलच्या डब्यात खाऱ्या पाण्यासकट घेऊन दुकानात आले. "हे तुमचं, भाऊ."

आता ते काउंटरच्या मागे, बारा इंचांच्या टाकीत आहे. चार निळे एलईडी, दोन पांढरे, आठ वॉट. हंगामात मी वडशाकडे निघालो की पाण्याच्या रेघेकडे माय बघते; काचेवर मी खडूने खूण करून दिली आहे, रेघ खाली गेली की तांब्याने फिल्टरचं पाणी घालते. हात टाकीत घालायचा झाला तर हातमोजे चढवते, कारण शेजारी बटणंही आहेत आणि त्यांच्यात जहाल विष असू शकतं. रात्री आठला टायमर टक करतो. माय म्हणते, तेव्हा ते पोरासारखं अंग आवळून घेते, आणि मग ती दुकानाचं शटर ओढते.